सोन्याची नव्हे, पाण्याची लंका

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला अर्धा तास दिला आहे. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस आहे, त्यामुळे मिळाली तेवढीच रक्कम खर्च करीन, ओव्हरड्राफ्ट मागणार नाही. विषय दिला आहे श्रीलंकेचा. २०२४ च्या फेब्रुवारीत मी, आमच्या सौ., आणि आपल्या सोसायटीतले गुरुजी व वहिनी असे चौघं दहा दिवस तिकडे जाऊन आलो. चौघांचं वय मिळून २८० च्या वर. आमच्या मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, टूर कंपनीसोबत का नाही जात?" म्हटलं, टूर कंपनीवाले वेळेवर उठवतात, वेळेवर बसवतात. चाळीस वर्षं घड्याळाची नोकरी केली, आता पुरे.

आधी जाण्याचं सांगतो. लोहाऱ्याहून नागपूर, नागपूरहून चेन्नई, आणि चेन्नईहून विमान सुटलं की चहा पिऊन होत नाही तोच कोलंबो. आपल्याकडून मुंबईला रेल्वेने जायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळेत परदेश! आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसाची फी माफ होती. आणखी एक गंमत. आम्ही तिथे असतानाच, १२ फेब्रुवारीला, आपलं यूपीआय श्रीलंकेत सुरू झालं. एका नारळपाणीवाल्याकडे मी मोठ्या ऐटीत मोबाईल काढला. त्याला त्याची खबरच नव्हती! शेवटी नोटाच दिल्या. आपल्या एका रुपयाला त्यांचे पावणेचार रुपये पडत होते, म्हणून सौ. दोन दिवस फार खुशीत होत्या. मग जेवणाचं बिल आलं आणि हिशोब बरोबर झाला.

आता मुख्य विषय. आपण लहानपणापासून ऐकत आलो, सोन्याची लंका. मी तिथे सोनं फार पाहिलं नाही. पाहिलं ते पाणी आणि दगड. अडीच हजार वर्षांपासून माणसांनी जपून ठेवलेलं पाणी, आणि त्या पाण्याच्या भरवशावर उभी राहिलेली नगरं.

पहिलं नगर अनुराधपूर. कोलंबोहून उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटर. हा त्या देशाचा कोरडा भाग. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षं, ही राजधानी होती. दिल्लीलासुद्धा सलग एवढी नोकरी नाही.

तिथे आम्ही सगळ्यात आधी गेलो बोधिवृक्षाकडे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तिथे नेली आणि देवानांपिय तिस्स राजाने ती लावली. लागवडीची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून ते ओळखलं जातं. झाड काही अवाढव्य नाही बरं का. आपल्या नाक्यावरचा पिंपळ त्याच्यापेक्षा मोठा दिसेल. उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या काखेत कुबड्या द्याव्यात तसे फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं कमळं घेऊन बसलेली. गडबड नाही, ढकलाढकली नाही.

आमचे गुरुजी तिथे एका कडेला बसले ते तासभर उठलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, "बसू द्या त्यांना." नंतर गाडीत त्यांनी सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांचे वडील गावाहून बैलगाडी आणि पुढे रेल्वे करून गेले होते. गुरुजी तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाचे. वडील परत आले आणि त्यांनी पोराला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता तू शिकायचं. गुरुजी म्हणाले, "माझ्या बापानं हे झाड पाहिलं नाही. पण माझ्या हातात पाटी आली ती ह्या झाडामुळे." मंडळी, मी त्यांचा शेजारी आहे पंचवीस वर्षांपासून. पाणीपट्टी, लिफ्ट, पार्किंग, सगळ्यावर आम्ही बोललो आहोत. हे मात्र मला लंकेत जाऊन कळलं.

आणि हे झाड आपल्यापासून दूर आहे असं समजू नका. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे, तो ह्याच अनुराधपूरच्या वृक्षाचा अंश. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो आणला. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराजवळचा पिंपळसुद्धा अनुराधपूरहूनच आला, १९३१ मध्ये. म्हणजे बघा, आपण मुद्दल त्यांच्याकडे ठेवलं, आणि दोन हजार वर्षांनी त्यांनी ते आपल्याला परत केलं. एवढी जुनी मुदत ठेव मी माझ्या नोकरीत पाहिली नाही!

बाबासाहेब स्वतःही १९५० च्या मे महिन्यात श्रीलंकेला गेले होते, जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने. त्याच्याही आधी, १९०२ च्या सुमारास, गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकायला गेले. खिशात पैसे नाहीत, भाषा येत नाही, पण गेले. मराठी माणसाला बुद्धचरित्र वाचायला मिळालं ते त्यांच्या त्या पायपिटीमुळे.

जुनी नाती आणखी आहेत. सिंहली लोकांचा मूळपुरुष विजय. त्यांच्या 'महावंस' ह्या जुन्या ग्रंथात लिहिलं आहे की विजयाचं जहाज लंकेला लागण्याआधी सुप्पारक बंदराला लागलं होतं. सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा! तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले आहेत. आणि अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे, हत्ती, घोडे, जहाजं सगळं आहे. पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा उजव्या भिंतीवर जरूर बघा.

भाषेचंही तेच. सिंहली लिपी बघितली तर जिलबीच, एक अक्षर कळत नाही. पण कान दिला की कळतं. हाताला ते 'अत' म्हणतात, दाताला 'दत', आंब्याला 'अंब'. धन्यवादाला 'स्तुती'. आणि तलावाला 'वेवा'. हा शब्द आला पालीतल्या 'वापी' वरून, आणि आपली 'बाव' सुद्धा त्याच वापीची मुलगी. आमच्या सौ. दुसऱ्या दिवशीपासून ड्रायव्हरशी मराठीतच बोलायला लागल्या. त्याला काय कळत होतं ते तोच जाणे, पण गाडी बरोबर जागी थांबायची.

अनुराधपूरचे स्तूप पाहिले की मान दुखते. रुवनवेलीसाय स्तूप पांढराशुभ्र, उंची शंभर मीटरच्या वर. दुटुगेमुणू राजाने तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. काम पूर्ण होण्याआधी राजा अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या भावाने अपुऱ्या स्तूपावर पांढरं कापड ताणलं आणि मरणाऱ्या भावाला दाखवलं, की बघ, पूर्ण झाला. अशी कथा आहे. पुढे राजधानी गेली, जंगल वाढलं, स्तूपाची झाडीने भरलेली टेकडी झाली. विसाव्या शतकात लोकांनी वर्गणी गोळा करून तो पुन्हा उभा केला. दुसरा जेतवनाराम, महासेन राजाचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. त्या काळी गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर जगात त्याच्याहून उंच इमारत नव्हती. विटा सुमारे नऊ कोटी तीस लाख! आपल्या दुसऱ्या विंगच्या विटांचा हिशोब अजून लागत नाही, म्हणून सांगतो.

तिथेच अभयगिरी विहार आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी प्रवासी फाहियान तिथे राहिला. घर सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, सोबतचे काही परत गेले, काही वारले. एके दिवशी बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याला दिसला. पंखा चीनचा होता. तो बघून त्याला रडू आलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्यांची मुलं पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला आहेत, त्यांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पंखा नसतो, मुलाच्या जुन्या शाळेच्या बॅगा असतात.

अनुराधपूरजवळ मिहिनतले आहे. अशोकाचा मुलगा महेंद्र तिथे राजाला भेटला. शिकारीला निघालेल्या राजाची बुद्धी कशी आहे हे बघायला महेंद्राने त्याला विचारलं, हे झाड कोणतं? आंब्याचं. आणखी आंबे आहेत? पुष्कळ. आंब्याशिवाय दुसरी झाडं? तीही पुष्कळ. मग ते सगळे आंबे आणि ती सगळी झाडं सोडली तर काय उरलं? राजा म्हणाला, हेच आंब्याचं झाड. महेंद्राला पटलं, हा माणूस ऐकून घेणारा आहे. मला वाटतं, प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेआधी सभासदांना हा प्रश्न विचारावा! (हशा) मिहिनतलेला एक हजार आठशे चाळीस पायऱ्या आहेत असं सांगतात. मी मोजल्या नाहीत, माझ्या गुडघ्यांनी मोजल्या. अर्ध्यापर्यंत गाडी जाते, ती सोय घ्यावी.

आता पाण्याकडे येतो. ह्या नगराला तीन मोठे तलाव आहेत. अभय वेवा, तिस्स वेवा आणि नुवर वेवा. पहिले दोन इसवी सनापूर्वीचे. आजही भरलेले आहेत, आजही खाली भातशेती आहे. बायका तिथे धुणं धुतात, पोरं डुंबतात, आणि काठावर 'पुरातन अवशेष' अशी पाटी नाही, कारण ते अवशेष झालेच नाहीत. चालू खातं आहे ते!

मोठ्या तलावाचं पाणी सोडायचं म्हणजे धोका. दाबाने बांध फुटतो. त्यासाठी त्या लोकांनी बांधाच्या पोटात दगडाची चौकोनी विहीर बांधली. तिला 'बिसोकोटुवा' म्हणतात. तलावाचं पाणी आधी ह्या विहिरीत येतं, जोर कमी होतो, आणि मग ठरवून दिलेलं तेवढंच बाहेर सोडतात. हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज अभियंत्याने हे बघितलं आणि त्याने थक्क होऊन लिहून ठेवलं. शिवाय मोठ्या तलावांच्या वर लहान तलावांच्या माळा. वरच्या गावाचं वापरून झालेलं पाणी खालच्या गावाच्या तलावात. आपल्या विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आहेत, त्याच जातीचं हे काम. आपल्याकडचे किती तलाव गाळाने भरले, ते तुम्हाला माहीत आहे.

सिगिरियाची गोष्ट ऐका. पाचव्या शतकात धातुसेन राजा होता. त्याने काला वेवा नावाचा प्रचंड तलाव बांधला. तिथून अनुराधपूरला पाणी न्यायला सत्त्याऐंशी किलोमीटरचा कालवा आहे. सुरुवातीच्या सतरा मैलांत त्याचा उतार मैलाला फक्त सहा इंच. आजचा ठेकेदार मशीन लावूनही असा उतार काढताना दोनदा विचार करील. ह्या धातुसेनाला त्याच्याच मुलाने, कश्यपाने, कैद केलं आणि विचारलं, खजिना कुठे लपवला आहे? म्हातारा म्हणाला, मला काला वेवाला ने, दाखवतो. तिथे गेल्यावर तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, हाच माझा खजिना. मुलाने त्याला ठार मारलं आणि सिगिरियाच्या खडकावर महाल बांधून अठरा वर्षं राज्य केलं, ४७७ ते ४९५.

तो खडक मैदानात एकटा उभा आहे, सुमारे दोनशे मीटर उंच. खाली बागा आणि कारंजी. ती कारंजी पावसाळ्यात अजून उडतात. अर्ध्यावर भिंतीवर रंगवलेल्या स्त्रिया, अजिंठ्याच्या बहिणी शोभतील अशा. फोटोला बंदी आहे. पुढे आरशासारखी घोटलेली भिंत, तिच्यावर शेकडो वर्षांतल्या प्रवाशांनी कविता खरडल्या आहेत. परणवितान ह्या विद्वानाने त्यातल्या ६८५ वाचून छापल्या. आपल्याकडे किल्ल्यावर बदाम काढतात, तिथे कविता लिहिल्या! मी सिंहाच्या पंजापर्यंत चढलो. गुरुजी वर जाऊन आले. सौ. आणि वहिनी खाली बागेत बसून फणसाच्या भाजीची कृती विचारत होत्या.

दंबुल्लाच्या पाच गुहा जरूर बघा. शत्रूने राज्य घेतल्यावर वट्टगामिनी राजा चौदा वर्षं भटकला, तेव्हा भिक्षूंनी त्याला इथे आसरा दिला. राज्य परत मिळाल्यावर त्याने गुहांची मंदिरं केली. दीडशेच्या वर बुद्धमूर्ती आणि छतभर रंगकाम.

दुसरं मोठं नगर पोलोन्नारुवा. अनुराधपूर चोळांनी जिंकल्यावर राजधानी इकडे आली. १०७० मध्ये विजयबाहूने चोळांना घालवलं, पण त्यांची शिवमंदिरं आजही उभी आहेत. बुद्धमंदिराच्या दाराशी अर्धचंद्राच्या आकाराची कोरीव पायरी असते. अनुराधपूरला त्या पायरीवर हत्ती, घोडा, सिंह, बैल असे कोरले आहेत. पोलोन्नारुवाला बैल नाही. सांगतात की हिंदूंना नंदी पूज्य, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून तो काढला. शेजाऱ्याचा मान कसा ठेवावा, हे बाराव्या शतकातल्या पाथरवटाला कळत होतं.

तिथलं गल विहार म्हणजे एकाच खडकात चार मूर्ती. निजलेला बुद्ध चौदा मीटर लांब. जवळ जाऊन बघा, डोक्याखालची उशी दबलेली आहे. दगडाची उशी! आणि वरचा पाय किंचित मागे सरकलेला, त्यावरून हे झोपणं नव्हे, महापरिनिर्वाण आहे, हे ओळखतात. तिथे चौघंही गप्प होतो. आमच्या सौ.ना गप्प पाहण्याचे प्रसंग कमी, म्हणून नोंद केली.

ह्या नगराचा राजा पराक्रमबाहू, ११५३ ते ११८६. त्याचा निश्चय असा होता की पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही. त्याने पराक्रम समुद्र नावाचा तलाव केला, बांध सुमारे चौदा किलोमीटरचा. नावाला समुद्र, पाणी गोड.

कँडीचं दंतधातू मंदिर तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. बुद्धांचा दात कलिंगाहून चौथ्या शतकात एका राजकन्येने केसांत लपवून आणला, अशी परंपरा. १९९८ मध्ये ह्या मंदिरावर बॉम्बहल्ला झाला, १९८५ मध्ये अनुराधपूरला यात्रेकरूंवर गोळ्या चालल्या. २००९ पर्यंत युद्ध चाललं, त्यात तमिळ घरंही तितकीच उजाड झाली. २०२२ मध्ये देशाने कर्ज फेडणं थांबवलं, महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात गेली. आमचा ड्रायव्हर दोन दोन दिवस पेट्रोलच्या रांगेत झोपला होता. मी विचारलं, मग कसं निभावलं? म्हणाला, गावाकडे तलाव आहे, भात होता.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. मंदिरात चपला, टोपी काढायची, गुडघे-खांदे झाकलेले हवे. फरशी तव्यासारखी तापते, मोजे सोबत ठेवा. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे तो गुन्हा समजतात. पासपोर्ट जवळ बाळगा, बऱ्याच ठिकाणी सार्क देशांना तिकीट निम्म्या दरात मिळतं. शाकाहारींनी चटणीत सुकी मासळी आहे का ते आधी विचारावं. पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी दारू मिळत नाही, हे काहींच्या माहितीसाठी!

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं.

येत्या वार्षिक सभेत मागच्या बाजूची विहीर बुजवून चार गाड्यांचं पार्किंग करण्याचा ठराव आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची अडचण खरी आहे, रात्री गाडी लावायला जागा नसते हे मी रोज बघतो. पण २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा आटला, चापडोह आटला, नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नाही. रात्री दोन वाजता टँकर आला की आपण सगळे, डॉक्टर, मास्तर, साहेब, बादल्या घेऊन खाली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पोरांनी पाणी नेऊन दिलं, ते मी विसरलो नाही. आपल्या विहिरीने तेव्हा हात टेकले, कारण पंचवीस वर्षांत आपण तिच्यातून काढतच आलो, भरणा एकदाही केला नाही. असं खातं किती दिवस चालेल?

हिशोब मांडतो. आपल्या दोन्ही गच्च्या मिळून साधारण दहा हजार चौरस फूट. आपल्याकडचा पाऊस वर्षाला नऊशे मिलिमीटर धरा. वाया जाणारं वजा केलं तरी साडेसहा लाख लिटरच्या वर पाणी होतं. दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर! ते आज पाईपातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात जातं. ते गाळून विहिरीत सोडलं तर एका वर्षात विहीर तुडुंब होईल असा शब्द मी देत नाही. पण भरणा तर सुरू होईल. गाड्यांसाठी समोरच्या मोकळ्या जागेची आखणी नव्याने करता येते, गुरुजींनी नकाशा काढला आहे, तो नोटीस बोर्डावर लावू.

माझी विनंती एवढीच, की बुजवण्याचा ठराव ह्या सभेत नको. दोन पावसाळे द्या. गच्चीच्या पाईपासाठी लागणाऱ्या खर्चात माझे पहिले पाच हजार रुपये खजिनदारांकडे आज जमा करतो आहे, पावती द्यावी. दोन पावसाळ्यांनंतरही विहीर कोरडीच राहिली, तर बुजवण्याच्या बाजूने पहिला हात मी वर करीन.

अर्ध्या तासाच्या वर गेलो असेन तर व्याज माफ करावं.